तलफेला पाळी नसते

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यात शिरताना सुरक्षारक्षक कामगाराचे खिसे तपासतो. काडेपेटी, लायटर, विडीचे बंडल बाहेरच ठेवावे लागते. नियम योग्यच आहे. ज्वालाग्राही रसायनाची वाफ आणि एक ठिणगी यांची गाठ पडली की काय होते, हे बोईसर, पास्थळ, सालवड, कुंभवलीच्या लोकांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण या नियमाच्या एका परिणामाकडे कुणी फारसे पाहत नाही. आठ तास, ओव्हरटाइम धरला तर बारा तास, धूर वर्ज्य असलेल्या जागी राबणारा माणूस निकोटीन सोडत नाही, तो ते दुसऱ्या वाटेने घेतो. ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये तंबाखूचा बार बसवला की धूर नाही, ठिणगी नाही आणि हातातले कामही थांबत नाही.

महाराष्ट्राचे आकडे हेच सांगतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात १५ वर्षांवरील ३.८ टक्के लोक विडी-सिगारेट ओढत होते, तर २४.४ टक्के लोक तंबाखू खात, चघळत किंवा दातांना लावत होते. दोन्ही मिळून प्रमाण होते २६.६ टक्के. २००९-१० च्या सर्वेक्षणात ते ३१.४ टक्के होते, म्हणजे घट झाली हे खरे. देशभरात धूम्रपान करणारे १०.७ टक्के असताना महाराष्ट्रात ते चारच्या आत, हे वाचून बरे वाटते. मात्र हिशेब असा निघतो की ‘धूम्रपान सोडा’ हा संदेश राज्यातल्या सात तंबाखूकरांपैकी जेमतेम एकाला लागू पडतो. उरलेले सहाजण तो फलक वाचतात, ‘आपण कुठे ओढतो’ असे म्हणतात आणि तळहातावर चुना मळतात.

म्हणून पालघर-बोईसरच्या पट्ट्यात ‘सिगारेट कशी सोडावी’ एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. विडी, पुडी, गुटखा, मशेरी या सगळ्यांना एकत्र धरून उपचाराचा विचार करावा लागेल. आणि तो उपचार कारखान्याच्या दाराशी, पाळीच्या वेळेला, फुकट मिळाला पाहिजे. उपचार अस्तित्वात आहे, तो चालतो याचा पुरावा आहे, तो महाराष्ट्रातल्याच एका रासायनिक कारखान्यात करून पाहिलेला आहे. तरीही तारापूरच्या कामगाराला तो सहजी मिळेल अशी व्यवस्था नाही. दोष द्यायचा तर तो या व्यवस्थेला द्यावा, कामगाराच्या मनोधैर्याला नव्हे.

मनोधैर्याची गोष्ट आधी निकालात काढावी. ‘मनात आणलं तर सुटतं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि त्याने फार नुकसान केले आहे. निकोटीन मेंदूतल्या विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटते आणि काही काळ बरे वाटायला लावणारी रसायने मोकळी करते. विडीच्या झुरक्यातून ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते. तंबाखूच्या बारातून ते हळू चढते, पण रक्तात जास्त वेळ टिकते. चुन्याचे काम इथेच आहे. चुन्याने तोंडातला अल्कधर्म वाढतो आणि निकोटीन ज्या रूपात गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्याने शोषले जाते, त्या रूपात येते. आजी-आजोबांनी रसायनशास्त्र न शिकता शोधलेली ही युक्ती आहे आणि तिच्यामुळेच ‘नुसती पुडी’ सिगारेटपेक्षा सोडायला सोपी असेल हा समज चुकीचा ठरतो.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड जातात. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप मोडणे, कामात लक्ष न लागणे, भूक वाढणे. पोट साफ न होणे हे तर अगदी नेमके लक्षण आहे, आणि ‘तंबाखूशिवाय सकाळी होत नाही’ असे म्हणणारे हजारो लोक याच एका कारणासाठी चौथ्या दिवशी पुन्हा पुडी फोडतात. भरपूर पाणी, पालेभाजी, फळ आणि थोडा धीर एवढ्याने ते बहुतेकांचे काही आठवड्यांत ताळ्यावर येते. पण हे आधी कुणी सांगितलेले नसते. त्रास दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो, एकेक तलफ तर काही मिनिटांचीच असते. ती मिनिटे कशी काढायची हे शिकवता येते. ते शिकवणे म्हणजेच समुपदेशन.

औषधांबद्दल सरळ बोलायला हवे. नुसत्या निर्धाराने सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी सहाएक जण सहा महिन्यांनंतरही सुटलेले राहतात. निकोटीनची पट्टी किंवा गोळी एकेकटी वापरली तर आठ-नऊ, दोन्ही जोडीने वापरली तर बारा आणि व्हरेनिक्लिन किंवा सायटिसिन या औषधांनी साधारण चौदा. जगभरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये काढलेले हे अंदाज आहेत आणि ते मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांचे आहेत. कुणाला वाटेल, शंभरात चौदा म्हणजे काहीच नाही. पण सहाचे चौदा होणे म्हणजे दुपटीहून अधिक. दुसऱ्या कोणत्याही जुनाट आजारावर एवढा फरक पाडणारी गोळी निघाली असती तर ती प्रत्येक दवाखान्याच्या फळीवर दिसली असती.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली. त्यात व्हरेनिक्लिन, निकोटीन पर्याय, बुप्रोपिऑन आणि सायटिसिन यांची शिफारस आहे. धूरविरहित तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीही व्हरेनिक्लिन किंवा निकोटीन पर्याय देण्याचा सल्ला आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीन पर्याय २०२२ साली आले. बुप्रोपिऑन फिट येणाऱ्या माणसाला देत नाहीत, व्हरेनिक्लिनने काहींना मळमळ होते, म्हणून ही औषधे डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायची. व्हरेनिक्लिन मनावर वाईट परिणाम करते ही भीती बराच काळ होती. २०१६ मध्ये आठ हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीत ती खरी ठरली नाही.

ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिच्या साहाय्याने तंबाखू सोडण्याची चर्चा इथे गैरलागू.

आता रासायनिक कारखान्याची गोष्ट. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. गौरवी मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका रासायनिक कारखान्यात तंबाखूमुक्तीचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कारखान्यात १०४ कर्मचारी होते, त्यांतले ४८ तंबाखू वापरणारे. प्रत्येकाशी बोलणे झाले, प्रत्येकाचे तोंड तपासले गेले. व्याख्याने, गटचर्चा, एकेकट्याशी समुपदेशन आणि लागेल त्याला औषध. कारखान्याच्या दवाखान्यातल्या लोकांना आणि जवळच्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. घरच्या माणसांना बोलावले. कंत्राटी कामगारांसाठीही कार्यक्रम घेतले. वर्षाअखेरीस तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ४० टक्के सुटलेले होते. लोक खोटे सांगतात असा आक्षेप येतो म्हणून लघवीतल्या कोटिनीनची, म्हणजे निकोटीनच्या शरीरात उरणाऱ्या अंशाची, तपासणी केली. माणसाने सांगितलेले आणि तपासणीत निघालेले ९६ टक्के जुळले.

संख्या लहान होती, तुलनेसाठी दुसरा कारखाना नव्हता, हे मान्य करायलाच हवे. चाळीस टक्क्यांचा आकडा सगळीकडे निघेल असे कुणी समजू नये. पण त्या अहवालातली एक बाब अधिक मोलाची आहे. प्रत्येक पाठपुराव्यानंतर सुटणाऱ्यांची संख्या वाढत गेली. एक व्याख्यान देऊन, हार-तुरे घेऊन, ३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिनी शपथ घेऊन परत गेले असते तर हे झाले नसते. माणसे पुन्हा पुन्हा आली, पुन्हा पुन्हा विचारले, म्हणून झाले. शपथेचे कार्यक्रम करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ज्या कार्यक्रमात दुसऱ्या भेटीची तारीख ठरत नाही त्याला उपचार म्हणू नये.

हा प्रयोग बोईसरला तसाच्या तसा उचलून आणता येईल का? थोडा बदल करून, होय. आणि तो बदल कसा, हे इथल्या कारखान्यांच्या आतली रीत पाहून ठरवायला हवे.

निकोटीनची गोळी, म्हणजे च्युइंगमसारखी मिळते ती, इथे सहज सुचणारा उपाय. दोन मिलिग्रॅम आणि चार मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत ती येते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला तंबाखू लागते त्याला सहसा जास्त ताकदीची लागते. ती खायची रीत शिकवावीच लागते. चार-सहा वेळा चावायची, तिखट झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायची, झिणझिणी गेली की पुन्हा चावायची. आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नाही, कारण आंबटपणाने निकोटीन शोषले जात नाही. साध्या च्युइंगमसारखी भराभर चावली की घसा जळतो, उचकी लागते, आणि माणूस ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून टाकून देतो. औषधाच्या दुकानात गोळी मिळते, ही पाच वाक्ये मिळत नाहीत.

पण तारापूरमध्ये औषधनिर्मितीचे कितीतरी कारखाने आहेत आणि औषध बनते त्या भागात खाणे, पिणे, ओढणे याबरोबरच चघळण्यालाही नियमानुसार मनाई असते. तिथे गोळी चालणार नाही. तिथे पट्टी लागेल. सकाळी दंडावर किंवा पाठीवर चिकटवली की गणवेशाखाली दिवसभर निकोटीन थोडे थोडे सोडत राहते. थुंकावे लागत नाही, चघळावे लागत नाही. पाळी संपल्यावर, टपरीसमोरून जाताना जी झटक्याची तलफ येते तिच्यासाठी गोळी. जोडीने वापरण्याची ही पद्धत जगभर एकेकट्या वापरापेक्षा सरस ठरली आहे आणि कारखान्याच्या नियमांतही ती नेमकी बसते. पट्टी आपल्याकडे गोळीइतकी सहज मिळत नाही, ही अडचण खरी. ती दूर करणे कारखानदारांच्या सामूहिक खरेदीने शक्य आहे.

गुटख्याने ज्यांची तोंडे आखडली आहेत, दोन बोटांच्या वर उघडत नाहीत, अशा तरुणांसाठी चघळायची गोळी हा छळ ठरतो. त्यांना पट्टी किंवा चोखायची गोळी हवी, आणि त्याआधी दंतवैद्याची तपासणी हवी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदी असूनही तो येतो, हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी, मनोर, चारोटीच्या आसपास वारंवार पकडल्या जाणाऱ्या टेम्पोंच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पकडणे चालू राहावे. पण ज्याच्या खिशातली पुडी पोलिसाने काढून घेतली त्याच्या हातात पर्याय म्हणून काही ठेवले नाही, तर तो संध्याकाळपर्यंत दुसरी पुडी मिळवतोच.

पैशाचा हिशेब या सगळ्याच्या मुळाशी आहे. दोन मिलिग्रॅमची एक गोळी साधारण दहा रुपयांना पडते. पहिले सहा आठवडे दिवसाला निदान नऊ, पुढे हळूहळू कमी करत बारा आठवड्यांचा क्रम पूर्ण करायचा तर साडेपाचशेच्या आसपास गोळ्या, म्हणजे साडेपाच हजार रुपये. सुरुवातीच्या दिवसांत रोजचा खर्च नव्वद-शंभर रुपये. तंबाखूची पुडी दहा-पंधरा रुपयांत दिवस काढते. म्हणजे आज ज्या कामगाराला सोडायचे आहे त्याने व्यसनावर करतो त्याच्या सहापट खर्च उपचारावर करावा, अशी आपली अपेक्षा आहे. कंत्राटदाराकडे रोजंदारीवर राबणारा, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून येऊन चाळीतल्या खोलीत पाच-सहा जणांत राहणारा, महिन्याला घरी पैसे धाडणारा माणूस हा खर्च करणार नाही. त्याने करावा असे म्हणणेही अन्यायाचे आहे.

उलट बाजूला पाहा. जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांश भारतात आहेत. त्यातला कुणी पालघरचा कामगार परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या दारात पोचतो तेव्हा शासन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून त्याच्या शस्त्रक्रियेचा भार उचलते. उचललाच पाहिजे. अर्धा जबडा काढण्यासाठी लाखांत खर्च करणाऱ्या व्यवस्थेला दहा वर्षे आधी साडेपाच हजारांच्या गोळ्या जड वाटू नयेत.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा पातळीवर तंबाखूमुक्ती केंद्र आणि औषधोपचार यांची तरतूद आहे. कागदावर जिल्हा हा एक शब्द असतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा मात्र समुद्रकाठच्या सातपाटीपासून डोंगरातल्या मोखाड्यापर्यंत पसरला आहे. मोखाड्याच्या माणसाने मशेरी सोडण्याच्या गोळ्यांसाठी एसटीने पालघरला यावे, पुन्हा पंधरवड्याने यावे, हे होणारे नाही. बोईसरहून पालघर एका स्टेशनाच्या पलीकडे, उमरोळी ओलांडले की आलेच. पण पहिल्या पाळीचा कामगार सुटतो तोवर बाह्यरुग्ण विभाग आवरलेला असतो आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाने सकाळी जायचे तर झोप सोडावी लागते. अंतर किलोमीटरमध्ये कमी असले तरी घड्याळात जुळत नाही.

फोनची सोय आहे आणि ती चांगली आहे. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा २०१६ पासून चालते. सुरुवात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत झाली, पुढे बंगळूरु, गुवाहाटी आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही केंद्रे निघाली. मराठी-हिंदीसह अनेक भाषांत समुपदेशक बोलतात. सोडण्याची तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक विडी, सिगारेट, तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापला जातो. ज्यांनी तो कधी नजरेखालून घातला नसेल त्यांनी आज पुडी उलटून पाहावी. अडचण वेळेची. ही सेवा सकाळी आठ ते रात्री आठ चालते. रातपाळीत पहाटे तीनला, रिअ‍ॅक्टरचे तापमान नोंदवताना डोळे मिटायला लागतात तेव्हा जी तलफ येते, तेव्हा पलीकडे कुणी नसते. शिवाय ज्वालाग्राही रसायने असलेल्या विभागात मोबाइल नेता येत नाही. म्हणून फोनला जोड म्हणून पाळीतलाच एखादा प्रशिक्षित सोबती हवा, ज्याने स्वतः पुडी सोडली आहे असा. तो पहाटे तीनलाही तिथेच असतो.

झोपेचा मुद्दा हलका नाही. रातपाळीचे कामगार सांगतात की तंबाखू जागे ठेवते, उग्र वास सोसायला मदत करते. या म्हणण्याला हसून चालणार नाही. निकोटीन खरोखरच उत्तेजक आहे. सलग बारा तासांची पाळी, त्यात पुरेशी विश्रांती नाही, हवा खेळती नाही, अशा ठिकाणी ‘सोडा’ म्हणून सांगणे म्हणजे माणसाचा आधार काढून घेणे. पाळीत चहा-पाण्याचा आणि पाय मोकळे करण्याचा खरा अवकाश द्यायला हवा, वास येतो तिथे वास काढणारी यंत्रणा चालवायला हवी. आणि सोडण्याची तारीख ठरवताना रातपाळीचा आठवडा टाळून आठवडी सुट्टीला जोडून दिवसपाळीचा आठवडा निवडावा. पहिले तीन दिवस घरच्या झोपेत निभावले की पुढचे सोपे जाते. कामाचे वेळापत्रक ज्याच्या हातात आहे त्या सुपरवायझरला हे करता येते. त्याला एक रुपयाही खर्च नाही.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांवर कामगारांची वैद्यकीय तपासणी करण्याची आणि तिच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे वर्षातून एकदा तरी हा माणूस डॉक्टरसमोर बसतो. छातीचा एक्स-रे, रक्त, डोळे. तिथेच तोंड उघडून पाहणे आणि ‘तंबाखू कोणती, किती, सकाळी किती वाजता पहिली’ हे तीन प्रश्न विचारणे यात पाच मिनिटे जातात. आत्ता काय होते याची कल्पना देशाच्या सर्वेक्षणावरून येते. वर्षभरात डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्यांपैकी फक्त ३१.७ टक्क्यांना. डॉक्टरच्या नाकाला विडीचा वास येतो, गालातली पुडी विचारल्याशिवाय कळत नाही.

महिन्याला २१ हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो आणि कंत्राटदाराकडचा कामगारही त्याला पात्र आहे. त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते. त्या वर्गणीच्या बदल्यात ईएसआयच्या दवाखान्यातून निकोटीनची पट्टी आणि गोळी बारा आठवडे मिळावी, ही मागणी कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीइतक्याच जोराने करायला हवी. कारखानदारांची संघटना टिमा बोईसरमध्ये आहे. वसाहतीतले मोठे कारखाने सामाजिक दायित्व निधीतून शाळांना बाके देतात, रुग्णवाहिका देतात. त्यातला थोडा निधी दोन समुपदेशकांच्या पगाराला आणि गोळ्यांच्या साठ्याला दिला, तर ज्यांना स्वतःचा दवाखाना परवडत नाही अशा छोट्या कारखान्यांच्या कामगारांची सोय होईल.

कारखान्याबाहेरही हा प्रश्न संपत नाही, तो घरात जातो. पालघर, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यांवरून बायका कारखान्यात, वीटभट्टीवर, शेतावर कामाला जातात. सकाळी भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लागते, दिवसातून आणखी दोन-तीनदा लागते. २००४ मध्ये डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी निघाले, दिवस भरण्याआधी प्रसूत होण्याचा धोकाही वाढलेला. ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे नाव कुपोषणामुळे देशाला कळले, तिथे हे १०५ ग्रॅम छोटे नाहीत. गर्भवतीला ही औषधे सहसा देत नाहीत. तिला बोलणे, धीर, रोजची विचारपूस लागते. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील लोकांची आरोग्यपत्रिका भरताना तंबाखूचा प्रश्न विचारतेच. गरोदर नोंदणीच्या दिवशीही तो विचारावा आणि सासूला शेजारी बसवून विचारावा, कारण मशेरीचा डबा बहुधा तिच्याच ताब्यात असतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालवला आहे. दारू आणि तंबाखू या दोन्हींविरुद्ध गावागावांत संघटन आणि त्याच्या जोडीला व्यसनींवर उपचार. बंदी, लोकांचा दबाव आणि औषध या तिन्हींना एकत्र बांधण्याची त्याची रीत पालघरच्या आदिवासी तालुक्यांना जवळची आहे.

मोठ्या माणसांची उदाहरणेही महाराष्ट्रासमोर आहेत. आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, गृहमंत्री राहिलेले, १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगाने सत्तावन्नाव्या वर्षी गेले. शरद पवार २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठले आणि तंबाखूच्या सवयीबद्दल पुढे जाहीरपणे खेद व्यक्त करत आले. गावोगावी ही नावे घेतली जातात, लोक हळहळतात, आणि हळहळून झाल्यावर पुडी काढतात. भीती सगळ्यांना पुरेशी आहे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर २०१६ पासून कुजलेल्या गालाचे चित्र आहे, ते पाहूनच माणूस पैसे मोजतो. देशातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी आपण सोडण्याचा बेत किंवा विचार करत असल्याचे सर्वेक्षणात सांगितले होते, तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४९.६ टक्क्यांनी. निम्म्या लोकांना सोडायचे आहे. त्यांना आणखी भीती दाखवून काय मिळणार?

सोडण्याचा फायदा उशिरा होतो, असेही एक कारण दिले जाते. ते चूक आहे. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो. चाळिशीच्या आत सोडणाऱ्याचा धूम्रपानामुळे वाढलेला मृत्यूचा धोका नव्वद टक्क्यांपर्यंत टळतो, असे डॉ. प्रभात झा यांच्या २०१३ च्या अभ्यासाने दाखवले. याच झा यांनी २००८ मध्ये भारतातल्या मृत्यूंचा अभ्यास करून सांगितले होते की विडी पुरुषांच्या आयुष्यातली सरासरी सहा वर्षे नेते आणि बायकांची आठ. तारापूरच्या वसाहतीत राबणारा कामगार बहुतांश विशी-तिशीतला आहे. म्हणजे त्याच्यापुढे अजून पूर्ण संधी आहे.

पहिल्या वर्षी एखाद्या कारखान्यात शंभरातले चौदाच सुटले, तर व्यवस्थापन म्हणेल की कार्यक्रम फसला. बहुतेकांना कायमचे सुटण्याआधी अनेकदा प्रयत्न करावे लागतात. दिवाळीला गावी गेले, लग्नात बसले, दोन घोट ताडी झाली की पुन्हा बार लागतो. म्हणून आकडा सहा महिन्यांनी आणि वर्षाने मोजावा, शक्य तिथे कोटिनीनच्या तपासणीने, आणि तो कामगारांसमोर जाहीर करावा. तपासणीचा निकाल कुणाच्या नोकरीवर, हजेरीवर किंवा कंत्राटाच्या नूतनीकरणावर येणार नाही, असे लेखी द्यावे, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळे ‘मी खात नाही’ म्हणतील. घसरलेल्याचे नाव यादीतून काढू नये. त्याच्याशी बोलून, पुढच्या महिन्याचे पाळीपत्रक समोर ठेवून, दिवसपाळीच्या आठवड्यात नवी तारीख लिहावी.